नेशनस्टेट्समध्ये रीजनमधून हाकललं तर दाद कुणाकडे मागायची?

नेशनस्टेट्स या ऑनलाइन खेळात नवा आलेला खेळाडू कधी ना कधी चिडून विचारतोच: "मला रीजनमधून हाकललं, कारणही सांगितलं नाही, आणि मॉड म्हणतात हा आमचा विषय नाही. मग मॉड बसलेत कशाला?" राग रास्त आहे. पण मॉड, म्हणजे साइटचे मॉडरेटर, हात वर करतात त्यामागे कामचुकारपणा नसतो, त्यांच्यावर तसं बंधनच आहे. या खेळात मॉडच्या हातात असलेली सत्ता गेल्या वीस-बावीस वर्षांत थोडी थोडी काढून घेतली गेली. काही भाग खेळाच्या कोडमध्ये गेला, काही खेळाडूंच्या हातात. कुठला भाग कुठे गेला हे माहीत नसेल तर माणूस चुकीच्या दारावर धडका देत बसतो.

ज्यांनी अजून देशही काढला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन कादंबरीकाराने नोव्हेंबर २००२ मध्ये, येऊ घातलेल्या कादंबरीच्या प्रसिद्धीसाठी हा खेळ सुरू केला. तुम्ही एक देश काढता, त्याला नाव, चलन, राष्ट्रीय प्राणी देता आणि समोर येणाऱ्या प्रश्नांवर निर्णय घेता. एवढ्यावर समाधान मानणारेही बरेच आहेत. खरं राजकारण मात्र रीजनमध्ये चालतं. रीजन म्हणजे देशांचा गट. ही गाठ तिथलीच आहे.

पायरी १: समोरच्याच्या हातातली सत्ता नेमकी कुठली, ते ओळखा

पहिल्या प्रकारचे लोक साइटचे. त्यात ॲडमिन कोड सांभाळतात आणि मॉडरेटर साइटचे नियम पाळले जातात की नाही ते बघतात. मॉड हे पगारी नोकर नाहीत, हौसेने काम करणारे लोक आहेत.

दुसरा प्रकार रीजनच्या सत्ताधाऱ्यांचा. रीजन काढणारा तो फाउंडर. २०२३ च्या बदलानंतर त्या खुर्चीला गव्हर्नर म्हणतात, आणि तिला वारसही नेमता येतो. त्याच्या जोडीला असतो डेलिगेट. वर्ल्ड असेंब्लीचे (खेळातल्या संयुक्त राष्ट्रांचे) सभासद असलेले, त्याच रीजनमधले देश ज्याला सर्वांत जास्त एंडॉर्समेंट, म्हणजे पाठिंबा, देतात तो डेलिगेट. मग येतात रीजनल ऑफिसर, ही पदं २०१५ मध्ये आली. त्यांना बॉर्डर कंट्रोल (देश काढणं, बंदी घालणं), कम्युनिकेशन्स, पोल्स असे वेगवेगळे अधिकार वाटून दिलेले असतात.

तुम्हाला हाकललं ते जवळजवळ नक्कीच या दुसऱ्या प्रकारातल्या कुणीतरी. सोसायटीच्या सेक्रेटरीने पार्किंग नाकारलं म्हणून आपण पोलीस चौकीत जात नाही, सर्वसाधारण सभेत विषय काढतो. इथेही तोच हिशोब.

ओळखायचं कसं? रीजनचं पान उघडा. कोणाकडे कोणता अधिकार आहे ते तिथे लिहिलेलं असतं. डेलिगेटला कार्यकारी अधिकार आहेत की तो नुसता मतं टाकणारा आहे, हेही दिसतं. खाली घडामोडींची यादी असते. तिच्यात अमुक देशाला तमुक देशाने रीजनमधून काढलं आणि बंदी घातली, अशी नोंद सापडेल. ही नोंद खेळ आपोआप करतो, कुणाला लपवता येत नाही. काढणाऱ्याचं नाव तिथून टिपून ठेवा.

पायरी २: मॉडच्या कक्षेत काय येतं

शिवीगाळ, मुद्दाम चिथावणी, ट्रोलिंग, स्पॅम, धमक्या, अश्लील किंवा बेकायदा मजकूर, असल्या गोष्टींनी भरलेली देशाची नावं आणि झेंडे, ही सगळी मॉडची कामं. वर्ल्ड असेंब्लीत एका माणसाचे दोन देश, हेसुद्धा. देश तुम्ही कितीही काढा, त्यांना सगळे पपेट म्हणतात आणि त्यात गैर काही नाही. असेंब्लीत मात्र त्यातला एकच हवा. नवे लोक इथे हमखास घसरतात, कारण पपेट चालतात म्हटल्यावर ते असेंब्लीतही चालतील असं वाटतं.

शिक्षा म्हणजे ताकीद, फोरमवर काही काळ बंदी, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर देश काढून टाकणं.

आता कक्षेबाहेरचं. रीजनमधून हकालपट्टी कक्षेबाहेर. रीजनच्या निवडणुकीत घोळ, डेलिगेटने शब्द फिरवला, मित्र म्हणून आलेला हेर निघाला, दुसऱ्या गटाने रात्रीत येऊन रीजन बळकावलं, हे सगळं बाहेर. दगाबाजी हा इथे खेळाचाच भाग आहे. रेडर नावाची जमात रीजनं बळकावण्यासाठीच खेळते आणि डिफेंडर ती सोडवण्यासाठी. मॉड दोघांनाही हात लावत नाहीत.

पूर्वी मॉड यात पडत, आणि त्याची कथा समजून घेण्यासारखी आहे. सुरुवातीच्या काळात रीजन बळकावणं चालायचं, पण तिथल्या मूळ रहिवाशांना सरसकट हाकलणं नियमबाह्य होतं. ऐकायला न्याय्य वाटतं. पण मूळ रहिवासी कोण हे ठरवणार कोण? महिनाभर राहिलेला मूळचा, की आठवडाभर? मध्ये सोडून गेला आणि परत आला तो? प्रत्येक हल्ल्यानंतर मॉडना बसून हा निवाडा करावा लागे, आणि निकाल कसाही लागला तरी एक बाजू पक्षपाताचा आरोप करायची. शेवटी २००६ मध्ये इन्फ्लुएन्स आलं आणि मॉडच्या विवेकाची जागा गणिताने घेतली. इन्फ्लुएन्स म्हणजे रीजनमध्ये राहून साठत जाणारा प्रभाव. एंडॉर्समेंट असतील तर तो लवकर साठतो. डेलिगेटला कुणाला काढायचं तर स्वतःचा प्रभाव खर्च करावा लागतो, आणि समोरचा जितका मुरलेला तितका खर्च जास्त. काल आलेला डेलिगेट दहा वर्षं राहिलेल्यांना एका झटक्यात बाहेर काढू शकत नाही. कारण साधं आहे, तेवढं त्याच्या खिशात नसतं.

माझ्या मते मॉडच्या सत्तेवरचा हा सर्वांत हुशार लगाम. मॉडने काय करू नये याची यादी कुणी वाढवली नाही, त्याच्यापुढे येणारा प्रश्नच नाहीसा केला.

पायरी ३: यंत्रणेत आधीच असलेले बचाव वापरा

वर्ल्ड असेंब्लीत जा आणि एंडॉर्समेंट गोळा करा. शेजाऱ्यांना एंडॉर्स केलं की बरेच जण परतफेड करतात. तुमचा प्रभाव वाढला की तुम्हाला काढणं महाग पडतं. पण एक पथ्य पाळा. बऱ्याच रीजनमध्ये एंडॉर्समेंटची मर्यादा ठरवलेली असते. ती ओलांडली की डेलिगेटची खुर्ची धोक्यात आहे असं समजलं जातं, आणि मग तुम्ही निष्पाप असलात तरी नोटीस येते.

डेलिगेट बदलतो तो अपडेटच्या वेळी, म्हणजे खेळ सगळे आकडे नव्याने मोजतो तेव्हा. दिवसाला असे दोन अपडेट होतात. रेडर घुसतात ते नेमकं अपडेट तोंडावर असताना, कारण त्या क्षणी ज्याच्याकडे एंडॉर्समेंट जास्त तो गादीवर. म्हणून त्या सुमाराला बॉर्डर कंट्रोलवाले अनोळखी देशांशी कठोर वागतात. नव्या रीजनमध्ये जाताना ही वेळ टाळलेली बरी.

बळकावलेल्या रीजनला नवा डेलिगेट पासवर्ड लावून दार बंद करतो. २००९ मध्ये वर्ल्ड असेंब्लीत सिक्युरिटी कौन्सिल आली, आणि तिच्या लिबरेशन ठरावाने डेलिगेटने घातलेली अशी अडसर काढता येते. म्हणजे हाही निर्णय मॉडचा नाही, जगभरच्या सभासद देशांच्या मतांचा.

फाउंडरच्या सत्तेला मात्र आतून फारसा लगाम नाही. तो सतत २८ दिवस फिरकला नाही तर त्याचा देश अस्तित्वातून जातो (सुट्टीवर असल्याचं आधी कळवलं असेल तर ६० दिवस), पूर्वी अशा वेळी रीजन उघडं पडायचं, आता वारसाची सोय आहे. तरी छोट्या रीजनमध्ये जाण्याआधी फाउंडर शेवटचा कधी येऊन गेला ते बघून घ्या.

आरएमबी, म्हणजे रीजनच्या भिंतीवर लिहिलेली पोस्ट कम्युनिकेशन्सवाला अधिकारी दाबू शकतो. पण दाबलेली पोस्ट पुसली जात नाही, क्लिक केलं की वाचता येते. काय दाबलं हे कुणालाही तपासता येतं, त्यामुळे अधिकाऱ्याला जपूनच वागावं लागतं.

आणि हाकललं तर जाता कुठे? रिजेक्टेड रेल्म्समध्ये. देश शाबूत राहतो, आकडे शाबूत राहतात, फक्त पत्ता बदलतो. मजा म्हणजे या रीजनचा डेलिगेट कुणालाही काढूच शकत नाही, कारण काढून पाठवायला पुढे जागाच नाही. नव्या माणसाने तिथे आठवडाभर राहून बघायला हरकत नाही. हाकलण्याची धमकी नसली की राजकारण कसं चालतं ते कळतं.

पायरी ४: रीजनचा कायदा वाचा, स्वागताची पत्रं नंतर

देश काढल्याबरोबर भरतीच्या टेलिग्रामचा, म्हणजे खेळातल्या निरोपांचा, पाऊस पडतो. सगळे म्हणतात आमच्याकडे लोकशाही आहे. तपासायचं असेल तर एकच गोष्ट शोधा: कुणाला काढण्याबद्दल त्यांच्या कायद्यात काय लिहिलंय?

नमुना म्हणून नॉर्थ पॅसिफिकचं बिल ऑफ राइट्स घ्या. नॉर्थ पॅसिफिक हे पाच मूळ पॅसिफिकांपैकी एक. या पाचांना फाउंडर नाही, त्यामुळे तिथे डेलिगेटच सर्वेसर्वा होऊ शकतो, आणि तसे उठाव फीडर (नवे देश जिथे जन्मतात त्या) रीजनांत झालेलेही आहेत. तिथल्या लोकांनी काय केलं बघा. बिल ऑफ राइट्स, संविधान किंवा विधिसंहितेत स्पष्ट अधिकार दिला असल्याशिवाय कुठल्याही देशाला रीजनमधून काढता येत नाही आणि फोरमवर बंदीही घालता येत नाही. कुठल्याही पदाधिकाऱ्याला परत बोलावण्याची मागणी कुठलाही देश करू शकतो. आरोप असेल तर निःपक्ष आणि उघड सुनावणी, आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानानेच.

आता खरी मेख. रेडर दारात असताना सुनावणी घेत बसलं तर रीजन जाईल. म्हणून अपवाद ठेवलाय: अधिकार असलेल्या पदाधिकाऱ्याने सुरक्षेची निकड जाहीर केली तर आधी काढता येतं. पण तसं काढलेल्या देशाला ताबडतोब न्यायालयाकडून फेरतपासणी मागता येते. सत्ता हातातून काढलेली नाही, फक्त वापरल्यावर जाब द्यावा लागतो. डेलिगेटच उलटला तर त्याला खाली खेचायला भरपूर प्रभाव आणि एंडॉर्समेंट बाळगून असलेल्या जुन्या देशांची वेगळी सुरक्षा समितीही आहे. कागदावरच्या कायद्यामागे असं प्रभावाचं वजन लागतं. नाहीतर कोडच्या दृष्टीने कुठलंही संविधान म्हणजे भिंतीवरची एक पोस्टच.

भरती करणाऱ्याला सरळ विचारा: "मला काढलं तर मी कुणाकडे जायचं?" उत्तरात एखाद्या कलमाची लिंक आली तर पुढे बोला. "आमच्याकडे असं कधी होत नाही" असं आलं तर समजा की कलमच नाही.

पायरी ५: मॉडने कारवाई केली आणि पटली नाही तर

हकालपट्टीचा विषय नसून खुद्द मॉडने ताकीद दिली, तर मात्र मॉडकडेच जायचं. फोरमवर त्याच धाग्यात वाद घालू नका, त्याने दुसरी ताकीद ओढवते. गेटिंग हेल्प पानावरून विनंती पाठवा. सगळे तिला जीएचआर म्हणतात. ज्याने पहिला निर्णय दिला त्याच्याखेरीज दुसऱ्यांनी बघावं असं स्पष्ट लिहा.

मजकूर इंग्रजीतच द्यावा लागतो, पण त्याची मांडणी साधारण अशी हवी:

"अमुक तारखेच्या अमुक पोस्टवर चिथावणी म्हणून ताकीद मिळाली. पोस्टची लिंक ही. ज्या पोस्टला मी उत्तर देत होतो तिची लिंक ही. माझं वाक्य तिथे मांडलेल्या धोरणावर होतं, त्या खेळाडूवर नव्हतं. निर्णयात नसलेल्या मॉडने हे पाहावं ही विनंती."

एवढंच. दुसऱ्यालाही तेवढीच शिक्षा का नाही, मी किती वर्षं खेळतोय, असलं काही लिहू नका. मॉडपुढे एकच प्रश्न असतो: ही पोस्ट या नियमात बसते का? त्याला तेवढंच ठरवायला दिलंत तर त्याला तेवढंच ठरवावं लागतं.

असेंब्लीच्या ठरावांचा मार्ग वेगळा. जनरल असेंब्लीत मांडलेला मसुदा नियमात बसतो की नाही हे २०१६ पर्यंत मॉड ठरवायचे. आधीच्या ठरावांशी विरोध, विषयाची कक्षा, असे किचकट मुद्दे असायचे, आणि निकालावरून कुरबूर ठरलेली. त्या वर्षी हे काम सहा जाणत्या खेळाडूंच्या सचिवालयाकडे दिलं. सगळे त्याला जेनसेक म्हणतात. आता कुणीही उघड आव्हान देतो, सदस्य बहुमताने ठरवतात, आणि कारणांसह निकाल सर्वांसमोर येतो. असहमत सदस्याचं मतही छापलं जातं. तुमचा मसुदा बेकायदा ठरला तर मॉडला टेलिग्राम पाठवू नका, जुने निकाल वाचा. कंटाळवाणं वाचन आहे, पण तिथे एक प्रकारची न्यायपरंपरा तयार झालीय.

रेडिटवरच्या मॉडेल हाउस ऑफ कॉमन्ससारख्या संसदीय खेळातून इथे आलेल्यांना हे सगळं उलटं वाटेल. तो खेळ २०१४ चा. तिथे पक्षांची मतं मॉडच मोजून ठरवतात, खेळाडूंच्या प्रचारावरून आणि वावरावरून. मॉडच्या हातात निवडणुकीचा निकालच असल्यामुळे लगामही वेगळा लागतो. खेळातल्या घटना म्हणजे कॅनन, आणि खेळ चालवण्याबद्दलची चर्चा म्हणजे मेटा, ही फारकत तिथे कटाक्षाने पाळतात. मेटासाठी वेगळा सबरेडिट आहे, आणि वरच्या मॉडवर खेळाडू विश्वासमत घेऊ शकतात. नेशनस्टेट्समध्ये मॉडवर विश्वासमत नाही, तो मॅक्स बॅरीच्या साइटचा माणूस आहे. इथे त्याचं काम छोटं ठेवलंय, हीच सोय.

पायरी ६: स्वतःचं रीजन काढताना

दोन-चार मित्र जमले की रीजन निघतं, आणि पहिल्याच दिवशी वीस कलमांचं संविधान लिहायचा मोह होतो. लिहू नका. तीन माणसांच्या रीजनला सर्वोच्च न्यायालय लागत नाही. हकालपट्टीचं एक कलम नीट लिहा आणि ते डिस्पॅचमध्ये (खेळातल्या लेखात) टाकून रीजनच्या पानावर डकवा. असं काहीतरी:

"कुणालाही काढण्याआधी कारण आरएमबीवर लिहिलं जाईल. हल्ल्याची भीती असल्यास बॉर्डर अधिकारी आधी काढू शकेल, पण एका दिवसात कारण नोंदवेल. काढलेल्या देशाला आठवडाभरात दाद मागता येईल. ती ऐकणाऱ्यांत काढणारा अधिकारी नसेल. पुढच्या आठवडाभरात निर्णय झाला नाही तर बंदी उठली असं समजलं जाईल."

शेवटचं वाक्य गाळायचा आग्रह होईल. गाळू नका. हौशी लोकांच्या कारभारात अपील कुणी फेटाळत नाही, ते नुसतं पडून राहतं. कुणी परीक्षेत अडकलेला असतो, कुणाला त्या वादात पडायचंच नसतं. मुदत संपली की फायदा काढलेल्याला, असं लिहिलं की लोक वेळेवर जमतात.

अधिकार वाटतानाही हात आखडता ठेवा. ज्याला पोल काढायचेत त्याला पोल्स द्या, बॉर्डर कंट्रोल कशाला? आणि डेलिगेटला कार्यकारी अधिकार द्यायचे की नाही हे पहिल्या आठवड्यातच ठरवा. नंतर काढून घेतले की तो उठाव समजतो, आणि त्याचं फारसं चुकतही नाही.

डिस्कॉर्डबद्दल जास्त सावध राहा. आजकाल रीजनचं निम्मं आयुष्य डिस्कॉर्डवर जातं, आणि तिथे इन्फ्लुएन्स नाही, अपडेट नाही, लिबरेशन नाही. सर्व्हरचा मालक एकच. खेळात डेलिगेट तीनदा बदलला तरी सर्व्हर त्याच्याच नावावर राहतो. एका क्लिकने तो सगळ्या गप्पा, निवडणुकांच्या नोंदी, कायद्यांचे मसुदे पुसू शकतो, आणि त्याबद्दल नेशनस्टेट्सचा मॉड काहीही करू शकत नाही. म्हणून कायदे आणि निकाल नेहमी खेळातल्या डिस्पॅचमध्ये ठेवा. सर्व्हरवरच्या ॲडमिनने रीजनच्या निकालाशिवाय कुणालाही बंदी घालू नये, असं त्या कलमात जोडा. मॉडरेशनची नोंद सर्वांना वाचता येईल असं एक चॅनल उघडं ठेवा. आणि सर्व्हर ज्याच्या नावावर आहे त्याला निवडणुकीला उभं राहू देऊ नका. हे ऐकून मालक रुसला, तर सर्व्हर दुसऱ्याच्या नावावर करून घ्यायची वेळ तीच. अजून चॅनल चार आणि माणसं सहा आहेत तोवर ते एका संध्याकाळी होऊन जातं.